खळ आणि नीळ

सोळाव्या शतकातल्या युरोपीय उमरावाचं चित्र पाहिलं की मला भूक लागते. अंगावर मखमल, कमरेला तलवार, ओठांखाली टोकदार दाढी, आपण जगावर उपकार करतोय असा चेहरा, हे सगळं ठीक आहे. पण हनुवटीखाली जी पांढरीशुभ्र, चुण्याचुण्यांची, गोल झालर असते ना, तिथे माझी नजर अडकते. 'रफ' म्हणतात तिला. मला ती तळलेली कुरडईच दिसते, आणि तिच्यावर सरदारसाहेबांचं डोकं वाढून ठेवल्यासारखं.

उपमा माझी असली तरी साम्य नुसतं दिसण्यातलं नाही. ती झालर आणि आपली कुरडई, दोघींचं माहेर एकच : गव्हाचा चीक. इकडे अकोल्यात (विदर्भातलं अकोला नव्हे, प्रवरेकाठचं, अगस्ती ऋषींचं अकोले) एप्रिल-मेच्या उन्हात गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात आणि त्यांवर कुरडयांची रांगोळी पडते. त्याआधीचा खटाटोप घरोघरी ठाऊक आहे. गहू तीन दिवस भिजत घाला, रोज पाणी बदला, मग वाटा, पिळा, गाळा, चीक रात्रभर खाली बसू द्या आणि सकाळी वरचं पिवळट पाणी ओतून टाका. इथून पुढे मात्र वाटा फुटतात. आपण त्या चिकात हिंग-मीठ घालून तो शिजवतो आणि सोऱ्यातून पाडतो. लंडनच्या बायका त्याच चिकाची खळ शिजवून तीत उमरावाची झालर बुडवत, अर्धवट वाळली की तापलेल्या सळ्यांनी तिच्या एकेक चुणीला गोलाई देत, आणि ती उमरावाच्या गळ्यात बांधत. तो उमराव रस्त्यावर येईपर्यंत पावसाचा थेंब पडला नाही म्हणजे मिळवली. पाणी लागलं की कुरडईचं जे होतं तेच त्या झालरीचं होई.

ही विद्या फुकट मिळत नसे. १५६४ साली डिंगेन व्हान डेन प्लासे नावाची बाई फ्लँडर्सहून नवऱ्याबरोबर लंडनला आली आणि तिने खळीचा धंदा थाटला. झालरीला खळ कशी करायची ते शिकवायचे चार ते पाच पौंड, आणि खळ मुळात शिजवायची कशी याचे वीस शिलिंग वेगळे! घरकामाच्या बाईला वर्षभर राबूनही इतके पैसे बघायला मिळत नसत. आमच्या गल्लीत चीक शिजवायला ज्या मावशींना बोलावतात त्या अजून चहावरच येतात. 'चिकाला उकळी बघून हात घालावा लागतो' एवढं एक वाक्य त्या ऐकवतात, आणि ते शिकवणीत धरायचं की टोमण्यात, हे समोरच्या सुनेवर सोडतात. डिंगेनबाईंचा दर त्यांना मी अजून सांगितलेला नाही. कुरडया महाग होतील.

धर्मनिष्ठ मंडळींना हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. फिलिप स्टब्ज नावाच्या एका चिडक्या गृहस्थाने १५८३ साली समाजातल्या अनाचारांवर आख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्यात खळीला थेट सैतानाचं पाणी ठरवलं. धान्य महाग झालं की कुजबुज वाढे : लोकांच्या पोटात जायचा गहू सरदारांच्या गळ्यात का? हा प्रश्न मला स्टब्जच्या सैतानापेक्षा जास्त पटतो. झालरी मात्र वाढतच गेल्या. त्याच काळात, १५८० च्या सुमारास, राणी एलिझाबेथच्या राज्यात नगराच्या वेशींवर भारदस्त नागरिक उभे करण्यात आले. येणाऱ्या-जाणाऱ्याची झालर मोजायची, जास्त रुंद निघाली तर कापायची, आणि तलवार जास्त लांब निघाली तर तिचं टोक मोडायचं. गळ्याशी कात्री आणलेल्या त्या नागरिकांची मला काळजी वाटते. ज्याची झालर कापायची, त्याच्याच कमरेला ती लांब तलवार असणार.

एवढा आटापिटा कशासाठी? तर त्या झालरीत माणसाला मान खाली घालता येत नाही. वाकता येत नाही, ओझं उचलता येत नाही, धड जेवताही येत नाही. म्हणजे 'माझं सगळं दुसरा कुणीतरी करतो' ही पाटीच गळ्यात अडकवलेली. दागिना चोराकडेही असू शकतो. ताठ खळ मात्र त्याच्याचकडे, ज्याच्या घरी रोज धुवायला, शिजवायला आणि चुण्या पाडायला माणसं आहेत.

आता अकोल्याच्या बसस्टँडकडे या. तिथल्या एका लाँड्रीत मी बरेचदा टेकतो. लाँड्रीवाले अण्णा पिढीजात परीट. इस्त्री आता विजेची, पण कोळशाची जुनी पितळी इस्त्री फळीवर अजून आहे. वीज गेली की ती खाली उतरते, आणि आमच्याकडे ती वरचेवर उतरते. अण्णांच्या दुकानात तालुक्याचं राजकारण हँगरला टांगलेलं असतं. पांढरा शर्ट, पांढरी विजार, पांढरी टोपी, सगळं खळ केलेलं, इतकं कडक की शर्ट टेबलावर उभा करावा. मालक कोण हे चिठ्ठी न बघता अण्णा सांगू शकतात. "ही कॉलर सोसायटीच्या चेअरमनची. हा खिसा बघा, दोन मोबाइल ठेवून ओघळलाय, हा ठेकेदार. आणि हा नवीन आहे, अजून कार्यकर्ता आहे, पण खळ डबल सांगतो."

तो डबल खळवाला मला फार आवडतो. तो मोटारसायकलवर जरा मागे रेलून बसतो, घडी मोडू नये म्हणून. सभेत खुर्चीच्या कडेला टेकतो. कुणाच्या पाया पडायचं झालं तर कमरेतून न वाकता गुडघ्यांतून खाली जातो. त्याला उमरावाची झालर ठाऊक असण्याचं कारण नाही, पण तिचं व्याकरण त्याला तोंडपाठ आहे.

आणि रंग पांढरा! ज्या तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, जिथे भाताच्या आवणीत अख्खी गावं गुडघाभर चिखलात उभी असतात, तिथे जुलै महिन्यात पांढरी विजार पांढरी ठेवणं हे किती मोठं खातं आहे याचा विचार करा. मखमल परवडली. मखमलीवरचा चिखल वाळवून झटकता तरी येतो. पांढऱ्याला गाडी दारापर्यंत यावी लागते, छत्री दुसऱ्याने धरावी लागते, बांधावरून 'काय म्हणतंय पीक?' असं लांबूनच विचारावं लागतं, आणि घरी आल्यावर धुवायला कुणीतरी असावंच लागतं. साधी राहणी म्हणून महात्माजींनी दिलेलं हे कापड आमच्याकडे सगळ्यात महागडं कापड होऊन बसलं आहे.

युरोपातही हीच गंमत झाली, फक्त रंग उलटा. बाल्दास्सारे कास्तिल्योने या इटालियन सरदाराने १५२८ साली दरबारी माणसाच्या वागण्या-बोलण्यावर एक पुस्तक छापलं. त्यात त्याचा सल्ला असा की भडक रंग सणासुदीला ठीक, एरवी काळा उत्तम. काळा नसेल तर निदान गडद तरी असावा. पुढे स्पेनचा दुसरा फिलिप, म्हणजे अर्ध्या जगाचा धनी, असा काळ्या कपड्यात वावरला की सारा युरोप काळा झाला. लोकांना वाटलं, केवढा साधा राजा! रंगाऱ्यांना मात्र हसू आलं असेल, कारण खरा गडद, न विटणारा काळा हा त्या काळी सगळ्यात अवघड रंगांपैकी एक. नुसता काळा असा रंग मिळतच नसे. आधी कापडाला निळ्याचा हात द्यायचा, मग त्यावर तांबडा, मग मायफळ आणि लोखंडाचे क्षार. पुढे मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून कांपेशचं लाकूड आलं तेव्हा जरा सोपं झालं.

त्या तळाच्या निळ्यात आपलाही हात होता. पूर्वी तो निळा रंग तिकडच्याच वोड नावाच्या झाडपाल्यातून काढत. मग पोर्तुगीज जहाजांतून गुजरातेतल्या सरखेजची नीळ जाऊ लागली. आपली नीळ जास्त गडद आणि काम कमी. झालं, वोड पिकवणारे खवळले. १५७७ साली जर्मन साम्राज्याच्या फर्मानात आपली नीळ सैतानी रंग ठरली. (पुढे खळही सैतानाची ठरली, आणि धोब्याचं सगळं सामानच त्याच्या नावावर चढलं.) न्यूरेंबर्गच्या रंगाऱ्यांना 'आम्ही नीळ वापरणार नाही' अशी शपथ घ्यावी लागे, आणि १६०९ साली फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने तर नीळ वापरणाऱ्याला देहदंड सांगितला. तरी नीळ पोचलीच. कापडाच्या पोटात कुठला निळा आहे हे वरच्या काळ्यावरून ओळखणार कोण?

अण्णांच्या दुकानात शेवटच्या बादलीत नीळ पडते. आताची नीळ कारखान्यातली, झाडाची नव्हे. पण तिकडच्या काळ्याला तळाशी नीळ लागायची आणि इकडच्या पांढऱ्याला शेवटी नीळ लागते, ही गोष्ट मी अण्णांना सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जास्त पडली की दोन्हीकडे वाटोळं."

सरदारांचं एक वेळ समजू शकतं. त्यांना जन्मतःच दुसरं काम नव्हतं. मला खरी माया वाटते ती व्यापाऱ्यांची. त्यांच्याकडे पैसा सरदारांपेक्षा जास्त, कर्ज देणारे तेच, आणि तरी मखमल कुणी घालायची याचे नियम सरदारांच्या बाजूने! इंग्लंडमध्ये १५७४ च्या फर्मानात कुठल्या दर्जाच्या माणसाने कुठलं कापड, कुठली फर वापरावी याची लांबलचक यादीच होती. अशा जगात ऑग्सबर्गचा मात्थेउस श्वार्ट्झ राहत होता. हा जाकोब फुगरचा हिशेबनीस. फुगर म्हणजे १५१९ साली पाचव्या चार्ल्सला सम्राटपदी निवडून आणायला ज्याने पैसा ओतला तो सावकार. त्याची कीर्द-खतावणी सांभाळणाऱ्या श्वार्ट्झने १५२० पासून आणखी एक खातं उघडलं : स्वतःच्या कपड्यांचं. नवा पोशाख शिवला की चित्रकाराला बोलवायचं, त्या पोशाखात स्वतःचं चित्र काढून घ्यायचं, खाली तारीख, वय, कापड, निमित्त. चाळीस वर्षांत अशी १३७ चित्रं झाली. एका अंगरख्याला ४,८०० चिरा पाडल्या होत्या अशी नोंद आहे. चिरा मोजायला हाडाचा हिशेबनीसच हवा! १५२६ च्या जुलैत तर त्याने स्वतःला पुढून आणि मागून चक्क नागवं रंगवून घेतलं आणि शेरा मारला की मी आता लठ्ठ झालो आहे. शिल्लक तपासल्याशिवाय ताळेबंद पुरा होत नाही, हे त्याला नोकरीनेच शिकवलं असणार.

आणि वाया काही गेलं नाही. १५४१ मध्ये सम्राटाने त्याला उमरावकी दिली. आमचा डबल खळवाला योग्य मार्गावर आहे.

कायद्यांचं म्हणाल तर ते करणाऱ्यांपेक्षा मोडणाऱ्यांची बुद्धी नेहमीच चार अंगुळं वर होती. व्हेनिसने १५१४ साली डामडौलावर नजर ठेवायला खास अधिकारी नेमले. फ्लॉरेन्समध्ये त्याहून आधीपासून बायकांच्या कपड्यांवर अंमलदार असे. फ्रांको साकेत्ती या कथाकाराने अशाच एका अंमलदाराची फजिती लिहून ठेवली आहे. हा अमेरिगो नावाचा कायदेपंडित रस्त्यात बाईला अडवतो, म्हणतो, बाई, तुमच्या अंगरख्याला ही बटणं, बटणांना बंदी आहे. बाई म्हणते, ही बटणं कुठे? ह्या वाट्या आहेत, बघा, ना दांडी, ना समोर काजं. दुसरीला म्हणतो, ही एर्मिनची फर तुम्हाला चालत नाही. ती म्हणते, एर्मिन नाहीच, लात्तित्सो आहे. तो विचारतो, लात्तित्सो म्हणजे काय? ती म्हणते, एक प्राणी असतो. बिचारा लिहून तरी काय घेणार? शेवटी वरिष्ठांनीच त्याला समजावलं की ही लढाई रोमनांनाही जिंकता आली नव्हती, तू दुसरं काम बघ.

आमच्या भागात असा अंमलदार नाही, पण भावकी आहे. लग्नातला खर्च आवरावा म्हणून समाजाच्या बैठका होतात, ठराव होतात, आणि ठराव वाचून दाखवणाऱ्याला आधी फेटा बांधला जातो. आहेर घेऊ नयेत असं पत्रिकेत छापलेलं असतं. मग टोपी-टॉवेलचं काय? 'तो आहेर नाही, तो मान आहे.' पाहा, लात्तित्सोच! कुणाला नुसती टोपी, कुणाला टोपी-टॉवेल, कुणाला शाल, कुणाला फेटा, याची यादी माइकवाल्याच्या हातात असते. त्या यादीत चुकून नाव राहिलं तर तो पाहुणा पुढची तीन लग्नं आठवण काढतो. टोपी घरी नेऊन कुणी घालत नाही, हा मुद्दा इथे गैरलागू आहे.

पोर्तुगिजांनी हा सगळा संसार जहाजात घालून गोव्याला आणला. ज्या मुलखात मे महिन्यात पंचासुद्धा जड होतो, तिथे मखमल आणि लोकर! यान हाउखेन व्हान लिंखोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये आर्चबिशपच्या चाकरीत गोव्याला आला, पाच वर्षं राहिला आणि १५९६ मध्ये त्याचं प्रवासवर्णन चित्रांसह छापलं गेलं. गोव्याच्या रस्त्यांवरून पोर्तुगीज कसे चालत, तर अतिशय सावकाश, मोठ्या ऐटीत, आणि डोक्यावर छत्र धरून मागून गुलाम. केप ऑफ गुड होप ओलांडलं की साधा शिपाईही स्वतःला फिदाल्गु, म्हणजे खानदानी सरदार, म्हणवून घेई असं फ्रेंच प्रवासी पिरार सांगतो. मायदेशी बापाचा नांगर असला तरी इथे कोण बघायला येतंय?

पण सरदारकीला कपडे लागतात आणि शिपायाच्या पगारात ते बसत नव्हते. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा मला फार भावला. नऊ-दहा शिपाई एका घरात राहत आणि सगळ्यांत मिळून चांगले पोशाख दोन-चारच. ज्याची पाळी तो नटूनथटून, हळूहळू पावलं टाकत गावात मिरवायला. बाकीचे घरात सदरा-चड्डीवर वाट बघत. मिरवणारा परत येऊन पोशाख उतरवायचा, की दुसरा सरदार तयार! आमच्या वसतिगृहातही मुलाखतीचा शर्ट एकच होता. तो ज्याचा होता त्यालाच त्यात नोकरी लागली नाही, बाकी बऱ्याच जणांना लागली. रेक्टरांना वाटे, पोरं सुधारली. अण्णांसारखाच एक लाँड्रीवाला तेवढा ओळखून होता. त्याच शर्टाला तो दर वेळी नव्या नावाची चिठ्ठी लावायचा, आणि चेहरा कोरा ठेवायचा.

आपल्या राज्यात तर हुद्दा आणि कापड यांत फरकच नव्हता. पेशवाई 'मिळत' नसे, पेशवाईची वस्त्रं मिळत, साताऱ्याच्या छत्रपतींकडून. सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ चा, आणि वस्त्रं आली २८ मे रोजी, पुरंदरावर. म्हणजे चाळीस दिवसांचं बाळ आणि अंगावर मराठी दौलतीचा कारभार. बारभाईंनी केवढी शर्थ केली, राघोबादादांवर कशी मात केली, हे सगळं इतिहासात आहे. चाळीस दिवसांच्या बाळाच्या अंगावरून ती वस्त्रं कोरडी उतरली का, हे कुठल्याच बखरकाराने लिहिलेलं नाही. पुरंदरच्या परटाला विचारायला हवं होतं.

लग्नात वरमाईपुढे परीट पायघड्या घालतो. मानाची माणसं धुतल्या कापडावरून चालत जातात आणि तो मागून त्या गोळा करत पुन्हा पुढे अंथरतो. अण्णांनी हे पुष्कळ वर्षं केलं. त्यांच्या दुकानात गल्ल्याच्या वर गाडगेबाबांचा फोटो आहे. शेंडगावच्या परटाच्या घरात १८७६ साली जन्मलेला हा माणूस आयुष्यभर रंगीबेरंगी चिंध्यांचा झगा घालून हिंडला. श्वार्ट्झने ४,८०० चिरा पाडून घेतल्या, बाबांनी चिंध्या जोडून घेतल्या. त्यांच्या पायावर डोकं ठेवायला मंत्री येत, आणि ते तेवढ्यात हातात खराटा घेऊन पुढच्या गावाला निघालेले असत. "बाबांच्या झग्याला इस्त्री करायची कुठून?" मी एकदा विचारलं. अण्णा म्हणाले, "म्हणूनच त्यांचा फोटो लावलाय. बाकी कुणाचा लावला तर त्याचं बिल मागता येत नाही."

बिलाचा विषय निघाला म्हणून सांगतो. इंग्लंडातले भलेभले उमराव कापडवाल्यांचे आणि शिंप्यांचे वर्षानुवर्षं देणेकरी असत. अण्णांची लाल वही बघितली तर तिथेही तालुक्याची सगळी प्रतिष्ठा ओळीने मांडलेली सापडेल. अगस्ती साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा असो की कुणाचा वाढदिवस, कपडे तातडीने हवेत आणि पैसे सावकाश. मी म्हटलं, "उधारी बंद अशी पाटी लावा की."

"रोजची उधारी चालते हो," अण्णा बाहीवर इस्त्री फिरवत म्हणाले. "फक्त निवडणूक लागली की रोख घेतो. निकालानंतर पडलेल्याचे कपडे न्यायला कुणी येत नाही. मागच्या खेपेचे दोन जोड अजून वर फळीवर आहेत, डबल खळीचे. माझ्या पोराला घालून बघितले. मापात बसले, पण त्याला कुणी खुर्ची देईना."